पिलाटीस कोणी करतंय का? कंबरेला खरंच फरक पडतो का?

निशिगंध | १४ जुलै, रात्री ९:०५

नमस्कार मंडळी,

वय ४६, नोकरी बँकेत, म्हणजे दिवसाचे आठ तास खुर्चीत. गेलं वर्षभर कंबर धरते. सकाळी बेसिनवर वाकून दात घासताना एक हात कडेला टेकवावाच लागतो. एक्सरे झाला, एमआरआय झाला. डॉक्टर म्हणाले, मणक्यांत काळजीचं काही नाही, पोटाचे आणि पाठीचे स्नायू कमकुवत झालेत, व्यायामाला लागा. पंधरा दिवस फिजिओथेरपी घेतली, आणि शेवटच्या दिवशी तिथल्या मॅडमनीच सुचवलं की आता पिलाटीस सुरू करा.

आमच्या घराजवळ (नाशिक) नवा स्टुडिओ निघालाय. आत डोकावले तर लाकडी पलंगासारखी यंत्रं, त्यांना स्प्रिंगा आणि पट्टे लावलेले. फी विचारली आणि घरी परत आले. पलीकडच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एक ताई नुसत्या मॅटवर घेतात, तिथे फी जवळपास चौथा हिस्सा.

तर विचारायचं हे, की योगासनांपेक्षा यात वेगळं काय असतं? यंत्राशिवाय उपयोग होतो का? वजन ८ किलो जास्त आहे, ते उतरेल का? आणि सासूबाई (वय ७१) म्हणतायत, मीही येते तुझ्याबरोबर. त्यांना चालेल का?

ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.


टेकडीवाला | १४ जुलै, रात्री ९:३१

रोज पहाटे टेकडी चढा, उतरून आल्यावर १२ सूर्यनमस्कार घाला. गेली २२ वर्षं हेच करतोय, कंबर कधी धरली नाही. फी शून्य.


मंजूताई | १४ जुलै, रात्री १०:१२

टेकडीवाले, अहो तिला बेसिनवर वाकवत नाहीये, आणि तुम्ही तिला पहाटे टेकडीवर पाठवताय!

निशिगंध, मी ठाण्यात तीन वर्षं मॅटवरचं पिलाटीस करतेय. वय ५८. सुरुवात तुझ्यासारखीच, कंबरेमुळे. पहिल्या महिन्यात मला वाटलं, हा कसला व्यायाम, घामसुद्धा येत नाही. मग 'रोल अप' शिकवलं. उताणं झोपायचं, हात डोक्याच्या वर लांब. श्वास घेत हात छताकडे, मग हनुवटी जराशी छातीकडे, आणि श्वास सोडत सोडत खांदे, पाठ, कंबर अशी वरून खाली मॅटवरून सुटत जायची. झटका द्यायचा नाही, हाताने ढकलायचं नाही. खाली जातानाही तसंच, उलट्या क्रमाने.

आमच्या बाईंनी एक उदाहरण दिलं ते डोक्यात बसलंय. साबुदाण्याच्या पापड्या वाळल्या की प्लॅस्टिकच्या कागदावरून घाईने ओढल्या तर मोडतात. एका कडेने अलगद सोडवत गेलं की अख्खी पापडी हातात येते. पाठ तशी सोडवायची. माझी पाठ मधल्या तीन-चार मणक्यांशी येऊन एकदम फळीसारखी उठायची, तेवढा भाग सुटायचाच नाही. बाई तिथे दोन बोटं ठेवून म्हणायच्या, "इथून श्वास सोड." चार महिने लागले. ज्या दिवशी तो भाग सुटला, त्या दिवशी मला हॉलमध्येच रडू आलं.

यंत्र नाही म्हणून अडत नाही. वजनाचं मात्र सांगते, माझं फक्त दीड किलो उतरलं, तेही रात्रीचा भात सोडल्यामुळे.


रमतगमत | १४ जुलै, रात्री १०:४०

वाचतेय. मलाही हेच विचारायचं होतं.


हडसनकाठी | १५ जुलै, सकाळी ६:५०

इकडे जर्सी सिटीत सात वर्षं करतेय, त्यामुळे थोडा इतिहास मी लिहिते. तो कळला की व्यायामही कळतो.

पिलाटीस हे माणसाचं आडनाव आहे. जोसेफ पिलाटीस, जन्म १८८३, जर्मनीतल्या म्योन्शेनग्लाडबाख गावी. लहानपणी दमा, मुडदूस, संधिवाताचा ताप, सगळं झालेलं. त्यातून उठायचं म्हणून तो जिम्नॅस्टिक्स, बॉक्सिंग, जे मिळेल ते शिकत गेला. पहिल्या महायुद्धाच्या आधी इंग्लंडला गेला, आणि युद्ध पेटल्यावर जर्मन नागरिक म्हणून इंग्रजांनी त्याला छावणीत टाकलं. आधी लँकेस्टर, मग आइल ऑफ मॅन बेटावरची नॉकालो छावणी. तिथे वीस हजारांहून जास्त माणसं तारांच्या आत होती. काम नाही, जागा नाही, साधनं नाहीत. जमिनीवर एका माणसाला झोपता येईल एवढ्या जागेत करायचा व्यायाम त्याने तिथे घडवला आणि सोबतच्या कैद्यांना शिकवला. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पलंगाला स्प्रिंगा बांधून हातपाय हलवायला लावल्याची गोष्टही तिथलीच सांगतात. पुढे त्याने बनवलेलं 'कॅडिलॅक' नावाचं यंत्र पाहिलं तर ती गोष्ट पटते. चार खांबांचा पलंग, वरून स्प्रिंगा लोंबकळतायत.

१९२६ मध्ये तो अमेरिकेला निघाला. त्या प्रवासात क्लारा भेटली आणि दोघांनी मिळून न्यूयॉर्कला एट्थ अॅव्हेन्यूवर स्टुडिओ चालवला. बॅलन्शिन आणि मार्था ग्रॅहम या नामवंत नृत्यदिग्दर्शकांकडचे नर्तक तिथे येऊ लागले, कारण नर्तकाचा गुडघा किंवा पाठ गेली की त्याचं पोटच गेलं. तो स्वतः या पद्धतीला 'कॉन्ट्रोलॉजी' म्हणायचा, म्हणजे नियंत्रणाचं शास्त्र. १९४५ च्या त्याच्या पुस्तकात मॅटवरचे ३४ व्यायाम आहेत, यंत्राशिवायचे. तेव्हा निशिगंध, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खुद्द त्यानेच देऊन ठेवलंय.

१९६७ मध्ये तो गेला, पण क्लाराने आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे पुढे नेलं.


शंकासुर | १५ जुलै, सकाळी ९:१५

इतिहास छान लिहिलात. पण मला प्रामाणिक शंका आहे. आज सिनेमातली प्रत्येक नटी त्या स्प्रिंगांच्या पलंगावर फोटो काढतेय आणि स्टुडिओवाले एका तासाला हजाराच्या पुढे घेतायत. हे पैसे गुणाचे की नावाचे? कंबरदुखीला याने इतर व्यायामांपेक्षा जास्त फरक पडतो, असं कोणी तपासलंय का?


अनघा_फिजिओ | १५ जुलै, दुपारी २:२०

शंकासुर, रास्त शंका आहे. मी १६ वर्षं फिजिओथेरपिस्ट आहे आणि रुग्णांना पिलाटीस शिकवते, म्हणून जे आहे तेच लिहिते.

तपासलंय. कंबरदुखी आणि पिलाटीस यांवरच्या चाचण्या एकत्र करून २०१५ मध्ये कॉक्रेनने (वैद्यकीय पुरावे तपासणारी संस्था) आढावा प्रसिद्ध केला. काहीच न करण्यापेक्षा किंवा नुसत्या सल्ल्यापेक्षा पिलाटीसने वेदना आणि हालचालींतली अडचण कमी होते, असं त्यात दिसलं. पुरावा कमी ते मध्यम दर्जाचा. पण इतर व्यायामांपेक्षा ते सरस आहे, असं मात्र खात्रीने म्हणता आलं नाही. म्हणजे टेकडीवाल्यांनाही त्यांचं श्रेय द्यायला हवं. जो व्यायाम माणूस वर्षभर नेमाने करेल, तो त्याच्या कंबरेसाठी चांगला.

मग मी पिलाटीस का सांगते? वर्षभर दुखलेला माणूस हालचालीला घाबरतो. वाकताना श्वास धरतो, पाठ कडक करतो. ती भीती घालवायला हळू, मोजकी, श्वासाशी बांधलेली हालचाल फार कामाची ठरते. पोटाच्या सगळ्यात आतल्या थरात एक स्नायू आडवा, पट्ट्यासारखा गुंडाळलेला असतो. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ सांभाळणारे स्नायू, मागे मणक्यांलगतचे बारीक स्नायू. पिलाटीसमध्ये या सगळ्यांना एकत्र कामाला लावतात. श्वासही त्यासाठीच वेगळा. पोट फुगवायचं नाही, बरगड्या दोन्ही बाजूंना आणि मागे उघडायच्या, मग तोंडाने सावकाश सोडताना ओटीपोट आत ओढलं जातं.

घरी करून बघा. बरगड्यांच्या खालच्या भागाला एक ओढणी गुंडाळा, टोकं समोर हातांत धरा. श्वास घेताना ओढणी बाजूंना ताणली गेली पाहिजे. बहुतेकांची पहिल्या दिवशी हलतही नाही.

वजनासाठी हा व्यायाम निवडू नका. त्यासाठी आहार आणि भरभर चालणं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमवणारा व्यायाम आणि शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. पिलाटीस त्यातलं दुसरं काम करू शकतं, पहिलं नाही.

सासूबाईंबद्दल रात्री लिहिते, पेशंट आलेत.


आबा वाईकर | १५ जुलै, सायं. ५:४५

मी निवृत्त क्रीडाशिक्षक, वय ७४. पिलाटीस कधी केलेलं नाही, पण हडसनकाठी यांचा प्रतिसाद वाचून फार बरं वाटलं. आमच्या भागात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांमधून सूर्यनमस्कार नेले. बाळंभटदादा देवधरांनी पेशवाईच्या अखेरीस मल्लखांबाला रूप दिलं. १९२४ मध्ये लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढून आसनं यंत्रांवर मोजायला सुरुवात केली. पुण्यात अय्यंगार गुरुजींनी दोर, पट्टे, लाकडी ठोकळे आणून आजारी माणसालाही आसनात बसवलं. आणि तिकडे एक दमेकरी मुलगा छावणीत पलंगाला स्प्रिंगा बांधतोय. शरीराकडे इतकं बारकाईने बघणारी माणसं कुठेही जन्मली तरी मला घरचीच वाटतात.

योग आणि यात फरक काय, हे कोणी सांगेल का? मुलांना शिकवताना आम्ही आसनात स्थिर राहायला सांगायचो.


हडसनकाठी | १५ जुलै, सायं. ७:१०

आबा, नमस्कार. तुम्ही फरकावरच बोट ठेवलंत. आसनात जाऊन थांबायचं असतं. पिलाटीसमध्ये थांबणं थोडंच, धड स्थिर ठेवून हातपाय हलत राहतात. पहिलाच व्यायाम 'हंड्रेड' घ्या. उताणं झोपून पाय उचललेले, डोकं आणि खांदे वर, हात शरीराच्या बाजूला लांब करून वरखाली हलवायचे. पाच हेलकाव्यांत श्वास आत, पाच हेलकाव्यांत बाहेर, असं दहा वेळा, म्हणून शंभर. हात एवढे हलताना पोट आणि कंबर जराही हलू द्यायची नाही, कस तिथे लागतो.

आणि यात ध्यान, प्राणायाम, तत्त्वज्ञान असं काही नाही. मी शनिवारी योगवर्गालाही जाते. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी असं मला वाटत नाही.


कोकणी मुलगा | १५ जुलै, रात्री ८:३०

पुरुष करतात का, असं कोणी विचारायच्या आत सांगतो, हो. मी लांब पल्ल्याचा धावपटू. मांडीच्या मागचा स्नायू दोनदा दुखावला, तेव्हा प्रशिक्षकांनी पाठवलं. वर्गात मी एकटाच पुरुष, शेजारी साठीच्या दोन काकू. कुशीवर झोपून वरचा पाय पुढेमागे न्यायचा होता, धड न हलवता. काकू शांतपणे करत होत्या आणि माझा पाय पाचव्या वेळेला थरथरायला लागला. खुब्याच्या बाजूचे स्नायू इतकी वर्षं धावूनही झोपलेले होते, हे तेव्हा कळलं. त्यातल्या एक काकू दर वर्गानंतर मला राजगिऱ्याची वडी देतात. :-)


मंजूताई | १५ जुलै, रात्री ८:५२

वडी देणाऱ्या काकू ठाण्याच्या नाहीत ना? नाहीतर आमच्या ग्रुपवर ओळख निघेल!


सई_पार्ले | १५ जुलै, रात्री ९:३५

मला थोडी वेगळी बाजू सांगायची आहे, कारण कोणीतरी सांगायला हवी.

बाळंतपणानंतर सात महिन्यांनी मी एका स्टुडिओत यंत्रावरचा वर्ग लावला. नाव लिहीत नाही. एका खोलीत बारा यंत्रं, एकच शिक्षिका, मोठ्याने गाणी. पोटाचे मधले स्नायू अजून जुळलेत का, हे मला कोणी विचारलं नाही आणि मलाही ते विचारायचं असतं हे माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सगळ्यांबरोबर डोकं-खांदे उचलून पाय लांब करायला लावलं. पोटाच्या मध्यरेषेवर उभा उंचवटा आला आणि कंबरेत कळ गेली. पुढचे दोन महिने बाळाला पाळण्यातून उचलायला आईला बोलवावं लागत होतं.

नंतर एका फिजिओकडे एकटीने शिकले. सहा आठवडे फक्त श्वास, टाच सरकवणं आणि कंबर उचलून 'ब्रिज'. आज मुलगी तीन वर्षांची आहे, तिला कडेवर घेऊन दोन जिने चढते. व्यायामावर माझा राग नाही. पण निशिगंध, जिथे जाशील तिथे पहिल्या दिवशी त्यांनी तुझं दुखणं विचारलं नाही तर परत ये.


अनघा_फिजिओ | १५ जुलै, रात्री १०:५०

सई, लिहिलंस ते फार बरं केलंस. उंचवटा दिसला की थांबायचं, हे प्रत्येक नव्या आईला कळायला हवं. गरोदर बायकांनीही पहिले तीन महिने झाले की फार वेळ उताणं राहायचं नाही, आणि डॉक्टरांना विचारूनच करायचं.

एक माहिती म्हणून सांगते. 'पिलाटीस' या नावावर अमेरिकेत मालकी हक्काचा खटला चालला आणि २००० मध्ये कोर्टाने निकाल दिला की हे आता एका व्यायामपद्धतीचं सर्वसामान्य नाव आहे. म्हणजे पाटी कोणीही लावू शकतं. म्हणून शिक्षकाने कुठे शिकलं, किती दिवस शिकलं, हे विचारायला संकोच करू नका.

आता सासूबाई. वय ७१ म्हणजे आधी हाडांची घनता तपासून घ्या. हाडं ठिसूळ झाली असतील तर पाठ गोल करून वाकायचे व्यायाम वर्ज्य. मंजूताईंचं ते सुंदर 'रोल अप' आणि चेंडूसारखं पाठीवर लोळणं, दोन्ही त्यांच्यासाठी नाहीत. पुढे वाकून जोर आला की मणक्याच्या पुढच्या भागावर दाब येतो आणि ठिसूळ मणका तिथेच दबतो. त्यांना कुशीवरचे, ब्रिजचे, पालथं झोपून छाती थोडीशी उचलायचे आणि उभ्याने तोल सांभाळायचे व्यायाम चालतील. माझ्याकडे ७९ वर्षांच्या आजी भिंतीला पाठ लावून करतात.

आणि कंबरदुखीसोबत पायात बधिरपणा येत असेल, ताकद कमी वाटत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर कोणताही वर्ग नाही, थेट डॉक्टर. लघवीचं असेल तर त्याच दिवशी.


शंकासुर | १६ जुलै, सकाळी ८:०५

अनघाताई, समाधान झालं. एवढं स्पष्ट उत्तर क्वचित मिळतं. आता एकच, त्या यंत्राचा फायदा मग कोणाला?


अनघा_फिजिओ | १६ जुलै, दुपारी १:४०

त्या यंत्राला, म्हणजे 'रिफॉर्मर'ला, एक सरकती गादी असते आणि ती स्प्रिंगांनी फ्रेमला जोडलेली असते. स्प्रिंगा कमीजास्त करून भार बदलतो. ज्याला जमिनीवर पाय उचलताच येत नाही, त्याचा पाय पट्ट्यात अडकवला की स्प्रिंग तो पेलते. म्हणून दुखापतीनंतर त्याचा खरा उपयोग. पण कमी स्प्रिंग म्हणजे सोपं, असं नेहमी नसतं. काही व्यायामांत स्प्रिंग हलकी केली की गादी पळायला लागते आणि तिला आवरायचं काम पूर्ण पोटावर येतं. म्हणूनच बारा जणांना एकच शिक्षिका असेल तर मला पटत नाही. मॅटवर तुमचं शरीर हाच भार, फसवायला जागा नाही.


रमतगमत | १६ जुलै, दुपारी ३:२५

अवांतर: पोट-कंबरेच्या या आतल्या स्नायूंना इंग्रजीत 'कोअर' म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणायचं? गाभा बरोबर वाटत नाही.


आबा वाईकर | १६ जुलै, सायं. ५:१०

आपल्याकडे 'कंबर कसणे' आहेच की. कामाला लागण्याआधी माणूस शेला कंबरेला आवळून बांधायचा. माझी आई नऊवारीचा कासोटा घट्ट मारल्याशिवाय पाण्याचा हंडा उचलत नसे.


अनघा_फिजिओ | १६ जुलै, सायं. ६:००

आबा, हे मी उद्यापासून वर्गात वापरणार. पोटाच्या त्या आडव्या स्नायूला 'ट्रान्सव्हर्सस' म्हटलं की आज्या माझ्याकडे बघत राहतात. "कासोटा आतून आवळा" म्हटलं की लगेच कळेल.


टेकडीवाला | १६ जुलै, रात्री ९:००

अनघाताईंनी श्रेय दिलं त्याबद्दल आभार. आज ओढणीऐवजी टॉवेल गुंडाळून श्वास घेऊन बघितला. डावी बाजू उघडते, उजवी अजिबात नाही. हे काय असेल?


अनघा_फिजिओ | १६ जुलै, रात्री ९:४०

खूप जणांचं असंच असतं, घाबरू नका. डाव्या कुशीवर झोपा, डोक्याखाली उशी, उजवा हात डोक्यावरून लांब, आणि वरच्या बरगड्यांत श्वास भरा. दहा श्वास, आठवडाभर. मग सांगा.


निशिगंध | ९ ऑगस्ट, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, कारण करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

सोसायटीच्या हॉलमधला वर्ग लावला. त्या ताईंनी पहिल्या दिवशी पाऊण तास फक्त विचारपूस केली, एमआरआयचा अहवाल वाचला, मला उभं करून पाठीमागून बघितलं. सई, तुझी आठवण झाली. आठवड्यातून तीन दिवस जाते आणि बाकीचे दिवस संध्याकाळी गोदाकाठी ४० मिनिटं भरभर चालते. वजन अर्धा किलो कमी, पण त्याची आता घाई नाही.

हंड्रेड गुडघे वाकवून आणि डोकं खाली ठेवून करते. डोकं उचललं की साठच्या आसपास मान भरून येते. ताई म्हणाल्या, मान भरली म्हणजे पोटाने काम सोडलं, तिथेच थांबायचं. रोल अप अजून येत नाही. मंजूताई, माझी पापडी मध्येच मोडते, पण कुठे मोडते ते आता मला कळतं.

सासूबाईंची हाडांची तपासणी केली. घनता कमी निघाली. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यात. वर्गाच्या ताईंनी त्यांना खुर्चीचा आधार देऊन वेगळं शिकवायला सुरुवात केलीय. हा धागा नसता तर मी त्यांना माझ्या शेजारी मॅटवर लोळवलं असतं. अनघाताई, तुमचे उपकार आहेत.

आणि काल सकाळी दात घासून झाल्यावर लक्षात आलं, ब्रश उजव्या हातात आणि डावा हात मोकळाच होता.

आता एक प्रश्न: माझी मॅट ४ मिमीची योगाची आहे, पाठीवर असताना माकडहाड टोचतं. जाड घेऊ की खाली सतरंजी घालू?


मंजूताई | ९ ऑगस्ट, रात्री १०:३२

सतरंजी सरकते, घालू नकोस. १० मिमीची घे. आणि पापडीला चार महिने दे.


टेकडीवाला | १० ऑगस्ट, सकाळी ६:२०

उजवी बाजू उघडली!